सनदेच्या कर्त्यापुढे सनद

न्यूयॉर्क शहराच्या पूर्व भागात फ्लशिंग मेडो नावाचे एक विस्तीर्ण मैदान आहे. इ. स. १९३९ साली तेथे जागतिक प्रदर्शन भरले होते. प्रदर्शन उठल्यावर त्यातील एका इमारतीत बर्फावरून घसरत जाण्याच्या खेळाची सोय करण्यात आली. दुसरे महायुद्ध संपून संयुक्त राष्ट्रसंघ जन्मास आला, तेव्हा त्याला स्वतःचे घर नव्हते. म्हणून ह्याच इमारतीत त्याची आमसभा भरू लागली, आणि समित्यांचे काम लेक सक्सेस येथील एका कारखान्याच्या इमारतीत चालू लागले. जगातील शांततेची चर्चा अशा उसन्या जागेत व्हावी ह्याचे त्या वेळी कोणास फारसे वैषम्य वाटले नाही. कारण युरोपातील कित्येक राजधान्यांत तेव्हा धड छप्पर असलेले सभागृह मिळणेही कठीण होते.

ह्या जागी ८ डिसेंबर १९४६ रोजी एका प्रश्नावर मते घेण्यात आली. प्रश्न वरवर पाहता लहान होता. दक्षिण आफ्रिकेच्या संघराज्यात राहणाऱ्या हिंदी लोकांना तेथील सरकार जी वागणूक देते, तिच्याविषयी राष्ट्रसंघाने काही बोलावे की न बोलावे, एवढेच ठरावयाचे होते. परंतु त्याच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला होता, आणि तो त्या दिवसापासून आजतागायत कोणत्याही आंतरराष्ट्रीय सभेला सोडून गेलेला नाही. तो असा की, एखादे सरकार आपल्या सरहद्दीच्या आत माणसांना कसे वागविते हा केवळ त्या सरकारचा घरचा मामला आहे, की जगाचाही आहे?

दैवयोग असा की, ‘हा घरचा मामला आहे’ असे सांगण्यासाठी जो पुरुष उभा राहिला, त्याच्याच लेखणीतून राष्ट्रसंघाच्या सनदेच्या प्रस्तावनेचा मूळ खर्डा उतरला होता. फील्ड मार्शल यान ख्रिश्चन स्मट्स हे दक्षिण आफ्रिकेचे मुख्य प्रधान. जातीने बोअर, केंब्रिज येथे कायद्याचे शिक्षण घेतलेले, तरुणपणी इंग्रजांविरुद्ध घोड्यावर बसून लढलेले आणि पुढे त्याच इंग्रजांचे विश्वासू सल्लागार झालेले. पहिल्या महायुद्धानंतर जुना राष्ट्रसंघ स्थापन करण्यात त्यांचा हात होता, आणि १९४५ साली सॅन फ्रॅन्सिस्को येथे नवा संघ स्थापन होताना मानवाच्या मूलभूत हक्कांवरील श्रद्धेचा उच्चार सनदेच्या आरंभी असावा, हा आग्रहही त्यांचाच. तत्त्वज्ञानावर त्यांनी ग्रंथ लिहिला होता. अशा माणसास ढोंगी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते पुरेसे होणार नाही. त्यांच्या कल्पनेतील मानवजातीत दक्षिण आफ्रिकेतील काळा व सावळा माणूस समान हक्काने बसत नव्हता. आणि ही विसंगती त्यांच्या पिढीतील अनेक सुसंस्कृत गोऱ्या मुत्सद्द्यांना विसंगती म्हणून जाणवतच नव्हती.

ह्या वादाचे मूळ मात्र ८६ वर्षे मागे जाते. १६ नोव्हेंबर १८६० रोजी ‘ट्रूरो’ नावाचे जहाज मद्रासेहून मुदतबंद मजुरांना घेऊन डर्बन बंदरात लागले. नाताळ प्रांतातील उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती. ती हिंदुस्थानातून करार करून नेण्यात आली. ह्या करारालाच आपले लोक ‘गिरमिट’ म्हणू लागले. मजुरांच्या मागोमाग गुजराती व्यापारी स्वखर्चाने गेले, आणि रत्नागिरीकडील कोकणी मुसलमानांनी केपटाऊनमध्ये वस्ती केली. मळ्यावर राबणारा हिंदी माणूस गोऱ्या वसाहतवाल्यांना हवा होता. गिरमिट फिटल्यावर जमीन घेणारा, दुकान मांडणारा, शेजारी राहू पाहणारा हिंदी माणूस त्यांना नको होता. म्हणून गिरमिटातून सुटून तेथेच राहू इच्छिणाऱ्यावर दरसाल तीन पौंडांचा कर बसविण्यात आला. ज्याला महिन्याकाठी काही शिलिंगच मिळावयाचे, त्याच्यावर हा बोजा म्हणजे ‘पुन्हा गिरमिट लिहून दे, नाहीतर चालता हो’ असे बजावण्याचाच प्रकार होता.

ह्या कराच्या प्रश्नावर हिंदुस्थानातून पहिला वजनदार मध्यस्थ गेला तो पुण्याचा. ऑक्टोबर १९१२ मध्ये नामदार गोपाळ कृष्ण गोखले केपटाऊन येथे उतरले. त्यांच्या दौऱ्याची सारी व्यवस्था गांधीजींनी आपल्या अंगावर घेतली होती. ह्या दौऱ्यातील एक हकीकत मराठी माणसाला गोड वाटावी अशी आहे. जोहान्सबर्ग येथे हिंदी लोकांच्या सभेत गोखल्यांनी इंग्रजीऐवजी मराठीत बोलावे असा गांधीजींनी आग्रह धरला; कारण श्रोत्यांत कोकणी मुसलमान व काही महाराष्ट्रीय हिंदूही होते. मराठीचे हिंदुस्थानीत भाषांतर गांधीजींनी स्वतः करावयाचे होते. गोखल्यांना त्यांच्या मराठीच्या ज्ञानाविषयी शंका होती, आणि ती त्यांनी थट्टेने बोलूनही दाखविली. परंतु भाषांतर निभावले, आणि झांजिबारपर्यंत आपल्या लोकांच्या सभांत गोखले मराठीतच बोलले. इंग्रजी वक्तृत्वाबद्दल कलकत्त्यापासून लंडनपर्यंत वाखाणलेला हा पुरुष आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मायबोलीत बोलत होता, आणि एक गुजराती बॅरिस्टर त्याचा दुभाषी झाला होता.

नोव्हेंबरात प्रिटोरिया येथे गोखल्यांची जनरल बोथा, जनरल स्मट्स व त्यांचे सहकारी यांच्याशी गाठ पडली. बोलणी सौजन्याने झाली. बाहेर येताच गोखल्यांनी गांधीजींना सांगितले की, आता सारे मिटले. कर जाईल, जाचक कायदा रद्द होईल, तुम्ही वर्षाच्या आत हिंदुस्थानात परत आले पाहिजे. गांधीजींना मात्र हे इतके सोपे वाटले नाही. पुढे घडलेही तसेच. कर रद्द करण्यास नाताळातील गोऱ्यांचा विरोध आहे असे स्मट्स यांनी पार्लमेंटात सांगितले, आणि गोखल्यांना वचन दिले होते की नव्हते ह्याचाच वाद माजला. लेखी असे काहीच नव्हते. मुत्सद्देगिरीच्या व्यवहारात सौजन्य म्हणजे संमती नव्हे, हा धडा आपल्या लोकांना त्या वेळी बराच महाग पडला. दिलेल्या शब्दाचा भंग हा साऱ्या हिंदुस्थानचा अपमान आहे असे मानून गांधीजींनी १९१३ साली गिरमिटिया मजुरांना लढ्यात उतरविले. न्यूकॅसलच्या कोळशाच्या खाणी बंद पडल्या, आणि हजारो स्त्रीपुरुष ट्रान्सव्हालच्या हद्दीवर चालून गेले. अखेर १९१४ साली गांधी-स्मट्स तडजोड झाली आणि तीन पौंडांचा कर उठला.

दक्षिण आफ्रिका सोडताना गांधीजींनी तुरुंगात स्वतः तयार केलेला चपलांचा एक जोड स्मट्स यांना भेट म्हणून पाठविला. स्मट्स यांनी तो पंचवीस वर्षे जपला, आणि गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या सुमारास परत पाठविला. आपण त्या चपला पुष्कळ उन्हाळे वापरल्या, परंतु इतक्या थोर माणसाच्या पादत्राणांत उभे राहण्याची आपली योग्यता नाही, अशा आशयाचे त्यांनी त्या प्रसंगी लिहिले. हे शब्द खोटे होते असे मानण्याचे कारण नाही. फक्त त्यांचा कायद्यावर काही परिणाम झाला नाही.

मधल्या तीस वर्षांची हकीकत थोडक्यात सांगता येते. १९२१ च्या साम्राज्य परिषदेत, वसाहतींत कायदेशीरपणे राहणाऱ्या हिंदी लोकांना नागरिकत्वाचे हक्क असावेत, असा ठराव श्रीनिवास शास्त्री यांच्या खटपटीने झाला. दक्षिण आफ्रिकेने त्यास संमती दिली नाही. १९२७ साली केपटाऊनचा करार झाला आणि गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष शास्त्री हेच हिंदुस्थान सरकारचे पहिले एजंट म्हणून तेथे गेले. त्यांच्या वाणीने काही काळ वातावरण निवळले. शास्त्री परत आले, आणि वातावरण पुन्हा गढूळ झाले.

१९४३ साली जमिनीची खरेदी व वहिवाट यांवर तात्पुरते निर्बंध आले. ३ जून १९४६ रोजी ते कायमचे झाले. हिंदी माणसाने कोठे जमीन घ्यावी व कोठे राहावे हे ठरविणाऱ्या ह्या नव्या कायद्याला तेथील हिंदी लोकांनी ‘घेटो कायदा’ असे नाव दिले. युरोपातील ज्यू लोकांना ज्या कोंडवाड्यांत डांबले गेले होते, त्यांची आठवण तेव्हा ताजी होती. कायद्याची गोडी वाढविण्यासाठी हिंदी लोकांना कायदेमंडळात प्रतिनिधित्व देऊ केले होते. पण पार्लमेंटातील ते प्रतिनिधी गोरेच असावयाचे! अडीच लाखांहून अधिक लोकांची त्यावर समजूत पडेल असे सरकारला कसे वाटले, हे सांगणे कठीण आहे. १३ जून रोजी डर्बन येथे सत्याग्रहास आरंभ झाला. डॉ. नायकर व डॉ. दादू हे त्याचे पुढारी, आणि पुढील दोन वर्षांत सुमारे दोन हजार माणसे तुरुंगात गेली.

इकडे दिल्लीत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे यांच्याकडे होते. मध्यप्रांताच्या मुख्य प्रधानपदावरून दूर झाल्यावर काँग्रेसशी त्यांचे वितुष्ट आले होते, आणि इंग्रजांच्या मंडळात बसल्याबद्दल त्यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली. तथापि दक्षिण आफ्रिकेच्या बाबतीत त्यांनी कसूर केली नाही, हे त्यांच्या विरोधकांनाही कबूल करावे लागेल. हिंदुस्थानातील दक्षिण आफ्रिकी गोऱ्यांवर उलट निर्बंध घालण्यात आले. परंतु असे गोरे येथे मूठभरच असल्याने तो मार लटका होता. व्यापारबंदीचा मार खरा होता. मार्च १९४६ मध्ये व्यापारी करार संपुष्टात आणण्याची नोटीस गेली, जुलैमध्ये बंदी अमलात आली, आणि धान्य भरण्यास लागणारी बंगालची गोणपाटे दक्षिण आफ्रिकेच्या शेतकऱ्याला मिळेनाशी झाली. तेथील हिंदुस्थानचे हाय कमिशनर, वऱ्हाडातील बॅरिस्टर रामराव माधवराव देशमुख, यांना परत बोलाविण्यात आले. २२ जून १९४६ रोजी हिंदुस्थान सरकारने राष्ट्रसंघाच्या सरचिटणिसांकडे रीतसर तक्रार गुदरली. गंमत अशी की, तक्रार करणारे व जिच्यावर तक्रार ती, दोन्ही सरकारे कागदोपत्री एकाच राजाची, सहाव्या जॉर्जची होती.

सप्टेंबरात पंडित नेहरूंचे हंगामी सरकार आले, आणि शिष्टमंडळाचे नेतृत्व त्यांच्या भगिनी विजयालक्ष्मी पंडित यांच्याकडे गेले. त्या तेव्हा संयुक्त प्रांतात मंत्री होत्या. त्यांचे पती रणजित सीताराम पंडित हे मूळच्या कोकणातील व पुढे राजकोटास स्थायिक झालेल्या घराण्यातले, ‘राजतरंगिणी’चे इंग्रजी भाषांतरकर्ते. तुरुंगवासात प्रकृती ढासळून १९४४ च्या आरंभी त्यांचे निधन झाले होते. शिष्टमंडळात मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती महंमदअली करीम छागला होते. कायद्याचा कीस काढण्याचे काम विशेषतः त्यांच्याकडे होते.

राजकीय व कायदेविषयक अशा दोन समित्यांच्या संयुक्त बैठकीत नोव्हेंबरच्या उत्तरार्धात चर्चा चालली. स्मट्स यांचा बचाव सनदेच्या दुसऱ्या कलमातील सातव्या पोटकलमावर उभा होता. कोणत्याही राष्ट्राच्या अंतर्गत कारभारात संघाने हात घालू नये, असे त्यात म्हटले आहे. हिंदी लोक हे दक्षिण आफ्रिकेचे प्रजाजन. त्यांच्याविषयीचे कायदे हा अंतर्गत कारभार. सबब संघाला अधिकार नाही, आणि शंका असेल तर आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे मत घ्यावे. ब्रिटनचे अ‍ॅटर्नी जनरल सर हार्टली शॉक्रॉस यांनी ह्याच सूचनेची बाजू उचलून धरली. न्युरेंबर्ग येथे जर्मन पुढाऱ्यांवरील खटल्यात ब्रिटनच्या वतीने त्याच वर्षी उभे राहिलेले गृहस्थ ते हेच. हिटलरने आपल्याच प्रजेचा जो छळ केला तोही एका अर्थी जर्मनीचा अंतर्गत कारभारच होता, हे ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या मनात आल्यावाचून राहिले नसेल.

हिंदुस्थानच्या बाजूचे उत्तर दुहेरी होते. पहिला भाग कायद्याचा. हा प्रश्न केवळ घरचा होता, तर १९१४ ची तडजोड आणि १९२७ चा करार कशासाठी झाला? घरच्या मामल्यावर कोणी परक्या सरकारशी करार करीत नसते. दुसरा भाग सनदेचा. वंश, लिंग, भाषा व धर्म यांचा भेद न करता मानवी हक्कांचा आदर वाढविणे हा संघाचा हेतू म्हणून सनदेत नमूद आहे, आणि सही करणाऱ्या प्रत्येक राष्ट्राने त्यासाठी झटण्याचे पत्करले आहे. मग ते शब्द शोभेचे समजावयाचे काय? ह्यावर दक्षिण आफ्रिकेने म्हटले की, मूलभूत मानवी हक्क कोणते ह्याची व्याख्याच सनदेत नाही. युक्तिवाद म्हणून हे चुकीचे नव्हते. परंतु प्रस्तावनेत ते शब्द घालण्याचा आग्रह धरणाऱ्याच्या पक्षाकडून तो यावा, हे विचित्र खरेच.

एक घाव मात्र वर्मी बसणारा होता. हिंदुस्थानने दुसऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वी आपल्या घरातील अस्पृश्यता आणि जातीय कत्तली पाहाव्या, असे सुनावण्यात आले. ऑगस्टात कलकत्ता आणि ऑक्टोबरात नौखाली येथे काय घडले हे जगातील वर्तमानपत्रे छापीत होती, आणि चर्चा चालू असताना गांधीजी नौखालीतच होते. अस्पृश्यतेविषयी तर ह्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतील निग्रो विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते. अमेरिकेतील निग्रोंनी राष्ट्रसंघाकडे अर्ज केला आहे असे त्यांनी वाचले होते. त्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती, आणि हिंदुस्थानातील अस्पृश्यांनीही तोच मार्ग धरावा असे त्यांच्या मनात घोळत होते. म्हणजे मानवी हक्कांचे जे शस्त्र हिंदुस्थान न्यूयॉर्कमध्ये परजत होता, त्याची दुसरी धार आपल्याकडे वळलेली आहे हे येथील एक थोर माणूस आधीच ओळखून होता. कायद्याने होणारा भेद आणि कायद्याविरुद्ध जाऊन समाजात उरलेला भेद यांत अंतर आहे असे उत्तर देता येण्यासारखे होते, आणि त्यात तथ्यही होते. पण ज्याला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नाहीत त्याचे समाधान त्या उत्तराने होण्यासारखे नव्हते.

३० नोव्हेंबर रोजी फ्रान्स व मेक्सिको यांनी मांडलेला मवाळ ठराव समितीत २४ विरुद्ध १९ मतांनी संमत झाला. ६ राष्ट्रे तटस्थ राहिली. त्यात दक्षिण आफ्रिकेचा धिक्कार नव्हता. हिंदी लोकांची वागणूक उभय सरकारांतील करारांस व सनदेस धरून असावी, आणि उभयतांनी पुढील अधिवेशनात काय केले ते कळवावे, इतकाच त्याचा मजकूर. परंतु आमसभेत त्यास दोन-तृतीयांश मते हवी होती, आणि २४ विरुद्ध १९ हे प्रमाण त्यापासून दूर होते. पुढले आठ दिवस शिष्टमंडळातील माणसे दारोदार फिरली. लॅटिन अमेरिकेतील राष्ट्रे, अरब राष्ट्रे, पूर्व युरोपातील राष्ट्रे. ज्यांची नावे आपल्या शाळांतील भूगोलाच्या तासाला क्वचितच निघत, त्यांच्या एकेका मतावर सारे अवलंबून होते.

८ डिसेंबरच्या सभेत बेल्जमचे स्पाक अध्यक्षस्थानी होते. न्यायालयाकडे प्रश्न पाठविण्याची उपसूचना फेटाळली गेली. मग मूळ ठराव मतास पडला. बाजूने ३२, विरुद्ध १५, तटस्थ ७. ब्रिटन, अमेरिका व कॅनडा विरुद्ध. रशिया, चीन व फ्रान्स बाजूने. ४७ मतांचे दोन-तृतीयांश म्हणजे ३१ पेक्षा थोडे अधिक. बाजूच्या बत्तिसांपैकी एकच राष्ट्र उलट गेले असते, तर ठराव पडला असता.

निघण्यापूर्वी गांधीजींनी विजयालक्ष्मीबाईंना एक गोष्ट सांगून ठेविली होती: स्मट्स यांच्याशी हस्तांदोलन करावे आणि आपल्या कार्यासाठी त्यांचा आशीर्वाद मागावा. हे त्यांनी आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. निकाल लागल्यावर त्या स्मट्स यांच्या आसनापाशी गेल्या आणि आपल्या बोलण्यात गांधीजींच्या शिकवणीस न शोभणारे काही आले असल्यास क्षमा असावी असे म्हणाल्या. वृद्ध सेनापतीने त्यांचे हात हातात घेतले. तुझा हा विजय पोकळ आहे, मुली, असे ते म्हणाले. ह्या निकालामुळे पुढील निवडणुकीत माझी सत्ता जाईल, पण तुमच्या पदरात मात्र काही पडणार नाही.

ह्या भाकितातील पहिला भाग दीड वर्षात खरा ठरला. त्याच अधिवेशनात नैऋत्य आफ्रिका आपल्या राज्यात सामील करून घेण्याची स्मट्स यांची मागणीही आमसभेने नाकारली, आणि ते दोन पराभव घेऊन घरी परतले. मे १९४८ च्या निवडणुकीत डॉ. मलान यांचा पक्ष विजयी झाला. स्मट्स आपल्या स्टँडर्टन मतदारसंघातही पडले. जगाच्या दरबारात आपली बाजू राखू न शकल्याची टीका त्यांच्यावर गोऱ्यांनीच केली. मलान यांनी वर्णभेदाला ‘अपार्थाइड’ हे नाव व शास्त्र दोन्ही दिले. तेथील हिंदी लोकांची स्थिती सुधारली नाही, उलट बिघडली. १९५० सालच्या वस्तीविभागणीच्या कायद्याने हजारो कुटुंबांची घरेदारे पुढे हिरावून घेतली. त्या दृष्टीने विजय पोकळ होता, असे म्हणणे प्राप्त आहे. राष्ट्रसंघातही १९४७ साली दोन-तृतीयांश मते पुन्हा जमली नाहीत.

परंतु हक्कांची व्याख्याच नाही, ही सबब फार दिवस टिकली नाही. व्याख्या करण्यासाठी नेमलेल्या मंडळावर हिंदुस्थानतर्फे मुंबईच्या हंसा मेहता होत्या. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघेल असा इंग्रजी शब्द होता. तो बदलून ‘सर्व मानव’ असा शब्द यावा म्हणून त्या झगडल्या, आणि तो आला. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे जाहीरनामा संमत झाला तेव्हा एकही मत विरुद्ध पडले नाही. आठ राष्ट्रे तटस्थ राहिली. दक्षिण आफ्रिका त्यांपैकी एक होती.

नाताळातही काही हालले होते. मार्च १९४७ मध्ये डॉ. नायकर व डॉ. दादू यांनी आफ्रिकी काँग्रेसचे अध्यक्ष डॉ. झुमा यांच्याशी एकत्र लढण्याचा करार केला. तिघेही वैद्य, म्हणून लोक त्याला ‘डॉक्टरांचा करार’ म्हणू लागले. तोवर हिंदी लोकांचे गाऱ्हाणे हिंदी लोकांपुरतेच मांडले जात असे, आणि त्यांच्याहून किती तरी अधिक दलित असलेल्या आफ्रिकी बहुजनांचा त्यात उल्लेखही क्वचित येई. ही उणीव गोखल्यांच्या काळापासूनची होती. १९५२ पासून राष्ट्रसंघात वर्णभेदाचा सारा प्रश्नच भारताने इतर राष्ट्रांच्या बरोबरीने मांडण्यास आरंभ केला. विजयालक्ष्मीबाई पुढल्याच वर्षी आमसभेच्या अध्यक्ष झाल्या, आणि १९६२ साली महाराष्ट्राच्या राज्यपाल म्हणून मुंबईस आल्या. स्मट्स १९५० सालीच वारले होते.

१९५४ साली भारताने दक्षिण आफ्रिकेतील आपली कचेरी पुरती बंद केली. १९७४ साली आमसभेने त्या देशाच्या प्रतिनिधींस सभेत भाग घेण्यास मनाई केली. मग तुरुंगातून मंडेला सुटले, कायदे एकामागून एक उठले, आणि नोव्हेंबर १९९३ मध्ये दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध पुन्हा जडले. बॅरिस्टर देशमुख परत आल्याला तेव्हा ४७ वर्षे झाली होती.